निकाल आणि मोर्तब

वार्षिक परीक्षेचा निकाल ज्या दिवशीं लागतो, त्या दिवशीं कोणत्याही शाळेच्या आवारांत दोन गोष्टी एकाच वेळीं घडत असतात. एक कागदावर घडते व दुसरी माणसांच्या तोंडीं घडते. कागदावर इतकेंच लिहिलेलें असतें कीं, अमुक विद्यार्थ्यास अमुक विषयांत इतके गुण मिळाले. पण तो कागद वाचून मागें वळतां वळतांच तोंडें बोलूं लागतात. "तो हुशारच आहे, त्याला काय कमी!" "हा पहिल्यापासूनच ढ." "तिच्या घरीं कोणी शिकलेलें नाहीं, तिच्याकडून कसली आशा?" गुण कागदावर होते, 'हुशार', 'ढ' आणि 'आशा नाहीं' हीं अक्षरें कागदावर कोठेंच नव्हतीं. तीं आपण आपल्या पदरचीं घातलीं.

हा भेद नीट ध्यानांत यावा म्हणून जुन्या मराठी दफ्तरांतील एक शब्द आम्ही उसना घेतों. मराठेशाहींतील राजपत्रांवर दोन मुद्रा उमटवीत. पत्राच्या मस्तकीं शिक्का असे, आणि मजकूर संपला म्हणजे त्याच्या शेवटीं मोर्तब होई. मोर्तब म्हणजे मर्यादेची खूण. पत्र येथें पुरें झालें, याखालीं आतां कोणासही एक अक्षर वाढवितां येणार नाहीं, असा तिचा अर्थ. दफ्तराच्या कामीं ही दक्षता फार उपयोगाची होती. परंतु हीच रीत आपण माणसांना लावूं लागलों म्हणजे अनर्थ होतो. निकाल म्हणजे एका दिवसाची नोंद; मोर्तब म्हणजे पुढें कांहीं लिहावयाचें उरलेंच नाहीं असा हुकूम. निकाल लावण्याचा अधिकार शाळेला आहे. मोर्तब करण्याचा अधिकार, आमच्या मतें, कोणालाच नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे तें एवढेंच.

दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं स्वतःचा एक अपराध सांगणें न्याय्य होईल. आम्ही सहावींत असतां आमच्या वर्गांत वर्षाच्या मध्येंच एक नवा मुलगा आला. अंगापिंडानें थोराड, गणवेष नवा पण एक माप मोठा, आणि बोलणें आपल्या गांवचें. मराठीच्या तासाला गुरुजींनीं त्याला धडा वाचावयास उभें केलें. तो खड्या आवाजांत, न अडखळतां वाचूं लागला. धड्यांत एका विहिरीचें वर्णन होतें. 'पाणी' हा शब्द आला, तेथें त्यानें 'पानी' असें म्हटलें, आणि आमच्या बाकावरून हंशा उठला. तो क्षणभर थांबला व पुन्हां वाचूं लागला. पुन्हां तोच शब्द आला, पुन्हां हंशा. मधल्या सुटीपर्यंत त्याचें बारशाचें नांव मागें पडलें होतें व 'पानी' हेंच त्याचें नांव होऊन बसलें होतें. त्यानंतर वर्षभर तो मागच्या बाकावर बसे. वाचावयास उभें केलें कीं, "गुरुजी, घसा बसला आहे," म्हणे. गुरुजींनाही हळूहळू तें खरें वाटूं लागलें असावें. त्यांनीं विचारणें सोडून दिलें. पुढच्या जून महिन्यांत तो शाळेंत आला नाहीं.

तो आमच्या हंशामुळेंच गेला असें म्हणण्यास आमच्यापाशीं पुरावा नाहीं. घरची कांहीं अडचण असेल, वडिलांची बदली झाली असेल. पण एक गोष्ट मात्र आम्ही निश्चयानें सांगूं शकतों. पहिल्या दिवशीं तो खड्या आवाजांत वाचीत होता, आणि दुसऱ्या दिवसापासून वाचीनासा झाला. या दोहोंमध्यें जें घडलें तें आम्हीं केलें. 'न' आणि 'ण' यांचा उच्चार ही थोड्याशा सरावाची बाब होती. शिवाय घरीं जी बोली तो आईच्या तोंडून शिकला, तींत तो शब्द तसाच होता. म्हणजे ती चूक देखील नव्हे, पुस्तकी भाषेची संवय नव्हती इतकेंच. परंतु आम्हीं त्या एका अक्षरावरून त्याच्या सबंध बुद्धीवर मोर्तब करून टाकलें. आम्ही कांहीं विशेष दुष्ट होतों असें नव्हे. आम्ही घाईंत होतों. आणि माणसाविषयीं मत ठरविण्याची घाई ही दुष्टपणाइतकीच हानि करते, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

अशा वेळीं मुलांच्या मनांत काय चालतें, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनीं गेल्या कांहीं दशकांत पुष्कळ घेतला आहे. अमेरिकेंतील कॅरोल ड्वेक या विदुषींनीं अनेक वर्षें याच प्रश्नाचा अभ्यास केला, व २००६ सालीं सामान्य वाचकांसाठीं त्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, बुद्धि आणि स्वभाव यांजविषयीं माणसांच्या दोन प्रकारच्या समजुती असतात. कांहींस वाटतें कीं, बुद्धि म्हणजे जन्मतः मिळालेली ठराविक पुंजी. ती वाढत नाहीं, फक्त उघडकीस येते. दुसऱ्यांस वाटतें कीं, ती शिकण्यानें, सरावानें आणि योग्य मार्गदर्शनानें वाढूं शकते. या दुसऱ्या वृत्तीला आम्ही 'वर्धिष्णु वृत्ति' असें नांव देतों.

हा तर प्रत्येकाच्या स्वतःच्या मनाचा प्रश्न झाला. दुसऱ्याविषयीं मत बनविण्याशीं त्याचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध अगदीं निकटचा आहे. ड्वेक आणि त्यांच्या सहकारी एर्डली यांचा १९९३ सालीं प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच विषयावर आहे. शाळकरी मुलांना नव्या शाळेंत आलेल्या एका मुलाची हकीकत सांगण्यांत आली. तींत त्याच्या हातून कांहीं गैर गोष्टी घडतात. माणसाचा स्वभाव बदलत नाहीं अशी ज्या मुलांची समजूत होती, त्यांनीं तेवढ्यावरूनच तो मुलगा कसा आहे हें अधिक ठामपणें ठरवून टाकलें. स्वभाव बदलूं शकतो असें मानणारीं मुलें इतकीं ठाम नव्हतीं. तात्पर्य, मनुष्य वाढतच नाहीं असें एकदां मानलें, कीं त्याची एक झलक म्हणजेच संपूर्ण मनुष्य असें वाटूं लागतें. आमच्या सहावीच्या वर्गांतील बाकावर तेंच घडलें होतें.

येथें कोणी म्हणेल कीं, वाईट शिक्का मारूं नये हें कबूल. पण चांगला शिक्का मारण्यास काय हरकत आहे? हुशार मुलाला हुशार म्हणावयाचें नाहीं काय? या प्रश्नाचें उत्तर म्यूलर व ड्वेक यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मिळतें. त्यांनीं पांचवीच्या मुलांना कांहीं कोडीं सोडवावयास दिलीं. तीं सुटल्यावर कांहींना 'तूं हुशार दिसतोस' अशी शाबासकी दिली, कांहींना 'तूं फार मेहनत घेतलेली दिसते' अशी दिली. मग पुढील काम निवडावयास सांगितलें. हुशारीची शाबासकी मिळालेल्यांपैकीं पुष्कळांनीं आपली हुशारी टिकून दिसेल असें काम पसंत केलें. मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांपैकीं बहुतेकांनीं ज्यांतून नवें शिकतां येईल असें काम मागितलें. त्यानंतर सर्वांनाच फार कठीण कोडीं देण्यांत आलीं, व त्यांत सर्वच फसले. शेवटीं पुन्हां पहिल्यासारखीं सोपीं कोडीं दिलीं, तेव्हां हुशार म्हणविलेल्यांचे गुण पहिल्यापेक्षां घसरले, आणि मेहनती म्हणविलेल्यांचे वाढले.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेंच आहे. आपले गुण दुसऱ्या शाळेंतील अनोळखी मुलांस लिहून कळवावयाचे आहेत, असें या मुलांस सांगण्यांत आलें. तेव्हां हुशार म्हणविलेल्या दहा मुलांमागें सुमारे चारांनीं आपले गुण फुगवून लिहिले. तीं मुलें जात्या लबाड होतीं काय? मुळींच नाहीं. त्यांच्यावर 'हुशार' असें मोर्तब झालें होतें, आणि तें पुसलें जाईल या भयानें त्यांना खोटें लिहावेंसें वाटलें. सोन्याची झाली तरी बेडी ती बेडीच. ढ म्हणविलेला मुलगा पाऊल उचलीत नाहीं, कारण आपल्यानें होणारच नाहीं असें त्याला वाटतें. हुशार म्हणविलेला मुलगाही पाऊल उचलीत नाहीं, कारण पडलों तर लोक काय म्हणतील या चिंतेंत तो असतो. दोघेही जागच्या जागींच राहतात.

बुद्धि मोजण्याच्या शास्त्राचा इतिहास पाहिला तरी हीच घाई दिसून येते. फ्रान्समध्यें १९०४ सालीं शिक्षणखात्यानें एक समिति नेमली. सामान्य वर्गांत ज्यांची प्रगति होत नाहीं अशीं मुलें ओळखून त्यांच्या शिक्षणाची वेगळी सोय करावी, हा तिचा विषय होता. त्या कामासाठीं आल्फ्रेड बिने यांनीं थिओडोर सिमाँ यांच्या साहाय्यानें १९०५ सालीं प्रश्नांची एक मालिका तयार केली. जगांतील बुद्धिमापनाच्या कसोट्यांची परंपरा येथूनच सुरू होते. बिने यांचा हेतु स्पष्ट होता. कोणाला अधिक साहाय्य पाहिजे तें कळावें, म्हणून त्यांनीं ही कसोटी केली. बुद्धीचें माप कायमचें ठरलेलें आहे असें म्हणणाऱ्यांचा त्यांनीं १९०९ सालच्या आपल्या ग्रंथांत तीव्र शब्दांत निषेध केला, आणि लक्ष, स्मरण व निश्चय वाढविण्याचे व्यायाम सुचविले. १९११ सालीं ते वारले. पुढें तीच कसोटी अमेरिकेंत गेली. १९१६ सालीं तेथें तिची नवी आवृत्ति निघाली, आणि जी मदतीसाठीं केली होती ती अनेकांच्या हातीं जन्मजात बुद्धीचा आंकडा ठरविण्याचें साधन झाली. वैद्यानें औषध ठरविण्यासाठीं ताप पाहावा, आणि नातेवाइकांनीं तो आंकडा रोग्याच्या कपाळावर गोंदवून ठेवावा, तसाच हा प्रकार झाला.

आतां आपल्या घरचें उदाहरण घेऊं. रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूड गांवीं वाढलेले धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. सतरा वर्षांचे असतां, १८७५ च्या सुमारास, एका सरकारी परीक्षेसाठीं ते सोबत्यांसह साताऱ्यास निघाले. अंतर सुमारें एकशेंदहा मैल, वाट सह्याद्रीच्या घाटांतून, आणि प्रवास पायीं. इतकें करून साताऱ्यास पोंचल्यावर परीक्षासमितीनें त्यांच्याकडे पाहिलें आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं म्हणून त्यांस परत लाविलें. वय भरलें होतें, पण अंगकाठी लहान होती. या समितीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तिनें डोळ्यांस दिसलें त्यावरून त्या दिवसापुरता निकाल दिला. तो निकाल चुकीचा होता. पण त्याचें मोर्तब करून घ्यावें कीं न घ्यावें, हें कर्व्यांच्या हातीं होतें, आणि त्यांनीं तें करून घेतलें नाहीं. १८८१ सालीं, तेवीस वर्षांचे असतां, ते मॅट्रिक झाले. आजच्या एखाद्या घरांत तेवीस वर्षांच्या मुलाविषयीं काय बोललें जाईल याची वाचकांनीं कल्पना करावी. १८८४ सालीं ते बी. ए. झाले, १८९१ सालीं फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले, १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ सालीं महिला विद्यापीठाची स्थापना केली, आणि १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला.

परंतु आमच्या मतें याहूनही बोधप्रद चरित्र त्यांच्या पत्नीचें आहे. गोदूबाई आठव्या वर्षीं विधवा झाल्या. त्या काळीं अशा मुलीच्या आयुष्याचें पत्र तेथेंच पुरें झालें असें समाज मानी. यापुढें तिच्या नांवावर कांहीं लिहावयाचें नाहीं, असा जणूं सर्वांचा ठराव असे. हें मोर्तब एका माणसाचें नव्हतें, सबंध समाजाचें होतें. ११ मार्च १८८९ रोजीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन उघडलें, आणि भावाच्या आधारानें गोदूबाई तेथें गेल्या. त्या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी त्याच. तेव्हां त्यांनीं विशी ओलांडली होती. ज्या वयांत लिहिणें-वाचणें आतां काय यावयाचें असें कोणीही म्हणालें असतें, त्या वयांत त्या शिकावयास बसल्या. चार वर्षांनीं, ११ मार्च १८९३ रोजीं, त्यांचा कर्व्यांशीं पुनर्विवाह झाला, आणि मुरूडच्या लोकांनीं या दांपत्याला वाळींत टाकलें. पुढें १९४४ सालीं याच बाईंचें 'माझें पुराण' हें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. आठव्या वर्षीं ज्यांची गोष्ट संपली असें जग म्हणत होतें, त्यांनीं ती स्वतः सांगितली.

या दोन चरित्रांतून आणखी एक गोष्ट दिसते, ती विसरतां कामा नये. कर्व्यांपाशीं निश्चय होता, गोदूबाईंपाशीं धैर्य होतें. पण गोदूबाईंच्या धैर्याला भाऊ लागला, रमाबाई लागल्या, पाटीपुस्तकें देणारें एक घर लागलें. एकट्याची वर्धिष्णु वृत्ति ही खडकावरच्या बियासारखी असते. बीं चांगलें असलें तरी त्याला मूठभर माती लागतेच. अलीकडच्या संशोधनाचाही हाच निष्कर्ष आहे. २०१९ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. नववींतील सुमारें बारा हजार विद्यार्थ्यांनीं त्यांत भाग घेतला होता. त्यांपैकीं कांहींना, बुद्धि वाढूं शकते हें सांगणारा, एका तासाहूनही थोडक्या वेळाचा पाठ दिला गेला. परिणाम झाला, पण तो बेताचाच. अभ्यासांत मागें असलेल्या मुलांच्या श्रेणींत चारांच्या मापावर सुमारें एकदशांश अंकाची वाढ झाली. इतक्या थोड्या खर्चांत ही वाढ तुच्छ नव्हे; पण हा कांहीं जादूचा मंत्रही नव्हे. मात्र प्रयोगकर्त्यांस असें दिसून आलें कीं, ज्या शाळांत सोबत्यांची रीतच कठीण काम अंगावर घेण्याची होती, तेथें त्या पाठाचा गुण अधिक आला. जेथें सोबत्यांची तशी रीत नव्हती, तेथें तो फारसा टिकला नाहीं.

हें वाचलें तेव्हां आम्हांस आमचा सहावीचा वर्ग आठवला. त्या मुलाच्या मनांत वाढीची इच्छा नव्हती असें कोण म्हणेल? हंशा झाल्यावरही तो पुन्हां वाचूं लागला होता. बीं होतें, माती आम्हीं दिली नाहीं. एखाद्याची प्रगति त्याच्या मस्तकांत जितकी असते, तितकीच ती त्याच्या शेजारच्या बाकावर असते. म्हणून दुसऱ्याविषयीं मोर्तब न करणें ही केवळ सभ्यता नव्हे, किंवा मोठ्या मनानें केलेला उपकारही नव्हे. तें आपल्या सोबत्याचें आपल्याकडे असलेलें देणें आहे.

यावर दोन आक्षेप येण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, कोणाविषयीं मतच बनवावयाचें नाहीं तर शाळा चालावी कशी? नक्कल करणाऱ्यास शिक्षा नको काय? नापासास नापास म्हणावयाचें नाहीं काय? आमचें उत्तर असें कीं, अवश्य म्हणावें. खोटे गुण देणें ही दया नव्हे. त्यानें मुलाला आपण कोठें उभे आहों हेंच कळत नाहीं. पण कृत्याविषयीं बोलावें, माणसाविषयीं मोर्तब करूं नये. "तूं आज नक्कल केलीस, हें वाईट केलेंस" या वाक्यानंतर उद्यां नक्कल न करण्याची वाट मोकळी राहते. "तूं लबाडच आहेस" या वाक्यानंतर ती वाट बंद होते. लबाडानें लबाडी न करावी तर काय करावें?

दुसरा आक्षेप असा कीं, सर्वांची बुद्धि सारखी नसते, मग हें सांगून मुलांस फसवावें कां? हें म्हणणें अर्धें खरें आहे. सर्व मुलें सारखीं नसतात, व मेहनतीनें कोणीही कांहींही होईल असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही इतकेंच म्हणतों कीं, कोणाची मर्यादा कोठें आहे हें आज पाहणाऱ्यास दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्याचा हुकूम देऊं नये. याच्या उलट टोंकासही जाऊं नये. ज्या मुलाच्या घरीं दिवा नाहीं, पोटभर अन्न नाहीं, पुस्तक नाहीं, त्याला 'तुझी वृत्तीच वर्धिष्णु नाहीं' असें सुनावणें म्हणजे जुन्याच मोर्तबास नवें अक्षर कोरणें होय. नुसतें "शाबास, प्रयत्न केलास" म्हणून सोडून देणेंही पुरें नाहीं, हा इशारा खुद्द ड्वेक यांनींच २०१५ सालीं दिला आहे. प्रयत्न फसला असेल तर तो कोठें फसला आणि आतां दुसरी कोणती रीत धरावी, हें सांगणारा कोणी तरी पाहिजे.

तर मग करावें काय? मोठमोठे संकल्प करण्याची आवश्यकता नाहीं. आम्ही स्वतः आज शिक्षकाच्या पेशांत आहों, तेव्हां आरंभ आमच्यापासूनच करूं. प्रगतिपुस्तकांतील शेऱ्याच्या रकान्यांत 'गणितांत कच्चा' असें आम्ही वर्षानुवर्षें लिहीत आलों. तें लिहावयास एक क्षण लागतो, व त्यापासून मुलास किंवा पालकांस कांहींच कळत नाहीं. 'अपूर्णांकांची बेरीज करतांना छेद समान करावयाचा विसरतो' असें लिहावयास मुलाची वही उघडून पाहावी लागते. कष्ट अधिक पडतात. पण पहिला शेरा मोर्तब आहे आणि दुसऱ्यांत पुढचें पाऊल दाखविलेलें आहे. शिक्षकांच्या खोलींत नव्या वर्गाच्या शिक्षकास जुन्या वर्गाचे शिक्षक जी माहिती देतात, "अमक्याकडे लक्ष देऊन उपयोग नाहीं," तिच्याविषयींही आम्हीं सावध राहिलें पाहिजे. गुरुजींनीं घसा बसल्याची सबब खरी मानली, तीही अशीच सोयीची समजूत होती.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, निकालाच्या दिवशीं शेजारच्या मुलाचें नांव घरांत काढूं नये. मागील वर्षीं आपल्या मुलीस काय येत नव्हतें आणि यंदां काय येतें, हें विचारावें. तुलना करावयाचीच असेल, तर तिची तिच्याशींच करावी.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली स्वतःविषयीं. 'मला इंग्रजी येत नाहीं' असें जेव्हां तुमच्या तोंडून निघेल, तेव्हां त्यांत 'अजून' हा एक शब्द घाला. 'मला इंग्रजी अजून येत नाहीं.' वाक्य तितकेंच खरें राहतें, पण त्याचें मोर्तब होत नाहीं. दुसरी गोष्ट सोबत्यांविषयीं. हाच 'अजून' दुसऱ्यालाही द्या. 'त्याला अजून वाचतां येत नाहीं,' 'तिला अजून आमच्याशीं बोलण्याचा धीर होत नाहीं.' जो शब्द आपण स्वतःसाठीं मागतों तो दुसऱ्यास नाकारूं नये, ही साधी नीति आहे. तुम्हीं कोणाला टोपणनांव ठेवलें असेल, तर त्याला उद्यां त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारून पाहा. आम्ही ती हांक मारावयास विसरलों, आणि आतां ती मारावयास तो मुलगा आमच्यासमोर नाहीं.

लेखाच्या आरंभीं आम्हीं जुन्या पत्रांवरील मोर्तबाविषयीं लिहिलें. त्याच पत्रांच्या मस्तकावरील शिक्क्याविषयीं लिहून तो पुरा करतों. शिवाजी महाराजांच्या शिक्क्यांत आपली मुद्रा प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणें वाढत जाणारी आहे असें म्हटलें आहे. 'वर्धिष्णु' हा शब्द आम्हीं तेथूनच घेतला. प्रतिपदेची कोर इतकी बारीक असते कीं, पुष्कळांच्या दृष्टीसही पडत नाहीं; तिच्याकडे पाहून हा चंद्र लहानच आहे असें कोणी ठरवील तर आपण त्यास हंसूं. आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलाच्या व मुलीच्या पत्रावर जर कांहीं उमटवावयाचेंच असेल, तर तें मस्तकावरचें असावें, शेवटचें नसावें. येत्या जून महिन्यांत तुमच्या वर्गांत एखादा नवा मुलगा धडा वाचावयास उभा राहील, आणि त्याच्या तोंडून एखादें अक्षर त्याच्या गांवचें निघेल. त्या वेळीं तुमच्या बाकावर शांतता असावी, आणि त्याला धडा शेवटपर्यंत वाचूं द्यावा, इतकेंच आमचें मागणें आहे.